स्मरणचित्राचा तास आणि मारिओ मिरांडा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

२ मे १९२६ रोजी दमण येथे जन्मलेल्या आणि गोव्यातील लोटली गावचे म्हणून ओळखल्या गेलेल्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने मी हे पत्र लिहीत आहे. मारिओ यांच्याविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुतेक वेळा त्यांच्या विनोदाविषयी, त्यांना मिळालेल्या पद्म पुरस्कारांविषयी किंवा त्यांची चित्रे छापलेल्या फरश्या आणि कप यांच्याविषयी असते. मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो. माझ्यासारख्या शिक्षकाला त्यांच्या आयुष्यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. ती म्हणजे त्यांनी लहानपणापासून ठेवलेली चित्रांची रोजनिशी. आमच्या शाळांत स्मरणचित्र नावाचा जो तास असतो, त्याच्याशी या रोजनिशीचे फार जवळचे नाते आहे. ते मला उशिरा उमगले, आणि ते सांगताना पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

एलिमेंटरी किंवा इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला स्मरणचित्र म्हणजे काय हे आठवत असेल. वस्तुचित्रात आणि स्थिरचित्रात समोर मांडलेले पाहून काढायचे असते, संकल्पचित्रात आकार मनाने रचायचे असतात, आणि स्मरणचित्रात बाजार, बसस्थानक, सण किंवा शेतातील काम असा एखादा प्रसंग, त्यात दोन-तीन माणसे येतील अशा रीतीने, आठवणीतून उभा करायचा असतो. ज्याने हा विषय परीक्षेत घातला त्याची दृष्टी फार चांगली असली पाहिजे. मुलाने डोळे उघडे ठेवून गावात वावरावे, पाहिलेले मनात साठवावे आणि नंतर ते कागदावर आणावे, एवढी मोठी अपेक्षा त्या एका शब्दात भरलेली आहे. प्रत्यक्षात आम्ही शिक्षकांनी त्याचे काय केले, ते मी स्वतःच्याच वर्गावरून सांगतो. एका वर्षी सराव परीक्षेत मी ‘आठवड्याचा बाजार’ हा विषय दिला. वर्गात अडतीस मुले होती. त्यांपैकी तीस-एक जणांच्या कागदावर तोच एक बाजार होता: डावीकडे बैलगाडी, मध्ये फेटा बांधलेला भाजीवाला, उजवीकडे टोपली घेतलेली नऊवारीतील बाई आणि मागे दोन डोंगरांच्या मध्ये सूर्य. ते चित्र मार्गदर्शक पुस्तकातले होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईबरोबर अनेकदा गेलेली मुले त्या वर्गात होती. चोरीसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजांच्या, माळा, मिठाचे ढीग, मातीची मडकी आणि पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी त्यांनी पाहिलेली होती, त्यांचा वास त्यांना ठाऊक होता. पण त्यांतले काही काढायला परवानगी आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. मी त्या कागदांना चांगले गुण दिले, परीक्षेतही त्यांना चांगल्या श्रेणी मिळाल्या, आणि मी समाधान मानले. ते समाधान आज मला सलते.

मारिओ यांच्या बालपणाची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. घराच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या या मुलाला त्यांच्या आईने एक कोरी वही आणून दिली, आणि त्या वहीला ते आपली रोजनिशी म्हणू लागले. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि पुढे जातो. पण शिक्षक म्हणून मी तिथे थांबतो. भिंत खराब केली म्हणून त्या आईने मुलाच्या हातातला कोळसा काढून घेतला नाही, की त्याला फूल आणि फळ काढायचे धडे घालून दिले नाहीत. तिने त्याला जागा दिली, आणि त्या जागेत काय काढायचे ते त्याच्यावर सोडले. शाळेत पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्ली, मित्रांना चित्रांची पोस्टकार्डे करून देऊन चार पैसेही मिळवले. बंगळूरच्या सेंट जोसेफ शाळेत आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, पदवी इतिहासाची घेतली, वास्तुकलेच्या अभ्यासाला घरच्यांच्या इच्छेने हात घातला आणि तो थोड्याच काळात सोडला. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. म्हणजे ज्यांच्या हाताचे आपण एवढे कौतुक करतो, त्या हाताला वळण लावणारी मुख्य शाळा ती वहीच होती.

१९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या त्यांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि माझी प्रत्येक चित्रकला शिक्षकाला विनंती आहे की त्यांनी निदान एक तरी हातात घेऊन सावकाश पाहावी. तेव्हा मारिओ पंचविशीच्या आसपासचे होते; नाव झालेले नव्हते, पुढे काय करायचे याचा पत्ता नव्हता. दिवसभरात जे घडले, त्यातला एखादा क्षण रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बसून कागदावर उतरवायचा आणि खाली एखादी ओळ लिहायची, एवढाच नेम. मोठ्या घटनेची वाट पाहणे तिथे नाही. मित्रांबरोबरची भटकंती, घरातली जेवणे, गावातली लग्ने आणि चर्चचे सण म्हणजे फेस्त, प्रवास, आणि ज्या दिवशी काहीच घडले नाही तो कंटाळवाणा दिवससुद्धा, असे सगळे तिथे सारख्याच आस्थेने आले आहे. ती चित्रे काढताना कोणी समोर उभे राहून थांबलेले नव्हते. प्रसंग होऊन गेलेला होता आणि तो आठवून काढलेला होता. आमच्या परीक्षेच्या भाषेत बोलायचे, तर ही वर्षानुवर्षे रोज सोडवलेली स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका आहे, फक्त विषय दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

त्या काळच्या गोव्याची छायाचित्रे आपल्याकडे आहेत, नाही असे नाही. परंतु त्यांत माणसे बहुधा ठेवणीतले कपडे घालून, श्वास रोखून उभी असतात. भाटकार म्हणजे जमीनदार बलकांवावर, घरापुढच्या ओसरीवर, दुपारी कसा पसरून बसत असे, पाव विकणारा पोदेर सायकलवरून उतरताना टोपली कशी सावरत असे, लादाइनीच्या प्रार्थनेला जमलेल्या बायका एकमेकींच्या कानाशी कशा लागत असत, तियात्र या कोंकणी नाटकाला आलेला प्रेक्षक बाकावर कसा बसत असे, हे सांगायला छायाचित्र पुरत नाही, त्याला आठवणारा माणूस लागतो. १९६१ पूर्वीचे, पोर्तुगीज राजवटीतले आपले गावजीवन समजून घेताना आपण दस्तऐवज शोधतो, जुन्या माणसांच्या मुलाखती घेतो. त्याच आस्थेने या वह्यांकडेही पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्यांच्या पुढच्या कारकिर्दीचा तपशील पुष्कळांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. काही वर्षे जाहिरातीच्या स्टुडिओत काम, नंतर ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि पुढे टाइम्स समूहाची नियतकालिके, जिथे आर. के. लक्ष्मण हेही होते. गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर पोर्तुगालमध्ये एक वर्ष आणि त्यानंतर लंडनमध्ये पाच वर्षे. १९७४ मध्ये अमेरिकेचा दौरा आणि तिथे ‘पीनट्स’कार चार्ल्स शुल्झ यांची भेट. वीसहून अधिक देशांत प्रदर्शने. १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि मृत्यूनंतर २०१२ मध्ये पद्मविभूषण. इंग्रजीत लिहिणारे मनोहर माळगावकर यांच्या गोव्यावरील पुस्तकासाठी त्यांनी केलेली चित्रे मला त्यांच्या उत्तम कामांपैकी वाटतात. मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर आणि आपल्या पणजीच्या बाजारात त्यांची चित्रे मोठ्या आकारात पाहायला मिळतात. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल त्यांच्याआधी दहा वर्षे, १९१६ साली जन्मले आणि तेही मुंबईला जाऊन रेषेवरच जगले. दलालांची मुखपृष्ठे आणि त्यांचा ‘दीपावली’ हा अंक मराठी घरांतून पोहोचला, मारिओ इंग्रजी नियतकालिकांतून घरोघर गेले. एकाच सासष्टी तालुक्यातून गेलेल्या या दोघांना एकत्र ठेवून पाहणारे प्रदर्शन गोव्यात भरावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. एकाने रंगाने आणि लयीने सौंदर्य शोधले, दुसऱ्याने काळ्या शाईने स्वभाव शोधला.

वृत्तपत्रांसाठी मारिओ यांनी जी पात्रे घडवली त्यांत नटी मिस निंबूपानी, कचेरीतली मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास, त्यांचा साथीदार मूनस्वामी आणि कारकून गोडबोले ही ठळक. यांतील स्त्रियांच्या चित्रांबाबत मला एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मिस निंबूपानी आणि मिस फोन्सेका यांची शरीरे ज्या अतिशयोक्तीने रेखाटलेली आहेत, ती चित्रे मी आठवी-नववीच्या मुलींसमोर कधी ठेवली नाहीत आणि आजही ठेवणार नाही. तो त्या काळच्या मासिकांचा संकेत होता हे खरे. पण मारिओ यांची मोठी देणगी जी बारकाईने पाहण्याची होती, ती त्या चित्रांत मला दिसत नाही. त्यांच्याच गावच्या चित्रांतली मासळी विकणारी बाई पाहा. तीही स्थूल आहे, तीही अतिशयोक्त आहे, पण तिचा पदर खोचलेला, एक हात कमरेवर, दुसरा भाव सांगताना हवेत, आणि डोळे गिऱ्हाइकाच्या मागच्या गिऱ्हाइकावर. तिला मारिओ यांनी पाहिले होते.

त्यांच्या रेषेविषयी चार शब्द. ते मुख्यतः लेखणी आणि काळ्या शाईने काढीत. शाईची रेषा खोडता येत नाही, म्हणून ती ओढण्याआधी मनात आकार पुरा तयार असावा लागतो. आठवणीतून काढण्याची सवय असलेल्यालाच ती निर्धास्तपणे ओढता येते. छायाप्रकाशाने घनता दाखवण्याची शालेय पद्धत त्यांनी जवळजवळ टाळली आणि त्याऐवजी नक्षी वापरली: चौकटीची जमीन, कौलांच्या रांगा, खिडक्यांच्या झडपा, साड्यांवरचे ठिपके, झाडांची पाने. काळे आणि पांढरे इतके जवळजवळ येते की कागद भरून जातो. आणि तरीही माणूस हरवत नाही, कारण त्या गर्दीतला प्रत्येक जण काहीतरी वेगळे करत असतो. एक जण भांडतो आहे, एक जण ते भांडण पाहतो आहे, एकाला त्याचे काहीच नाही आणि तो दात कोरतो आहे, कोपऱ्यात कुत्रा झोपला आहे, तारेवर कावळा बसला आहे. स्मरणचित्रात मुलांना तीन मानवाकृती काढायला सांगितल्या, की ती तिन्ही माणसे प्रेक्षकाकडे तोंड करून रांगेत उभी राहतात. मारिओ यांच्या तीस माणसांपैकी एकालाही चित्र पाहणाऱ्याची पर्वा नसते; ती आपापल्या कामात असतात. हे मी मुलांना शब्दांनी अनेक वर्षे सांगत होतो आणि जमत नव्हते. त्यांचे एक बाजाराचे चित्र फळ्यावर लावले, ‘यातला कोण कोणाकडे बघतो आहे?’ एवढेच विचारले, आणि पाऊण तास वर्ग त्यातच रमला.

याच कारणासाठी फरश्या आणि कपांविषयी मला बोलायचे आहे. त्यांची विक्री होते याबद्दल माझी तक्रार नाही. पर्वरीजवळ तोर्डा येथे वास्तुरचनाकार जेरार्द द कुन्हा यांनी मारिओ यांची चित्रे जमवून, जपून आणि पुस्तकरूपाने प्रसिद्ध करून जे काम केले आहे, ते गोव्यावरचे उपकारच आहेत, आणि अशा कामाला विक्रीचा आधार लागतो हे मी जाणतो. माझे दुःख वेगळे आहे. गर्दीच्या चित्रातून एकच माणूस कापून काढला आणि तो कपावर छापला, की त्याचा शेजारी जातो, त्याचे भांडण जाते, त्याचे गाव जाते. उरतो तो लठ्ठ माणूस, झिंगलेला माणूस, गिटार वाजवणारा माणूस. मूळ चित्रात तो आपला ओळखीचा माणूस होता, इथे तो गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, नावाचा एक नमुना होतो, आणि पर्यटक तो नमुना घेऊन घरी जातो. मग जाहिरातींचे फलक त्या नमुन्याच्या नकला करतात, आणि आमची मुले त्या नकलांवरून ‘मारिओ स्टाइल’ काढू लागतात. मार्गदर्शक पुस्तकातल्या बैलगाडीची जागा अशा गिटारवाल्याने घेतली, तर त्यात मुलाने स्वतः पाहिलेले काय असणार? मारिओ यांची नक्कल करणे म्हणजे मारिओ यांच्यापासून शिकणे नव्हे, हे शिक्षकांनीच मुलांना सांगायला हवे.

मराठी वाचणाऱ्या आपल्या लोकांत एक समज मी अनेकदा ऐकला आहे, की मारिओ हे त्या बाजूचे. पोर्तुगीज आणि इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या घरांचे. मी बोरीचा. बोरीचा पूल ओलांडला की लोटली. आमच्या तालुक्यात बांदिवड्याला जो श्रीरामनाथ आहे, तो मूळचा लोटलीचा. सोळाव्या शतकात देवळे मोडली गेली तेव्हा भाविकांनी देवाला नदीपलीकडे आणले, आणि आजही लोटलीचा देव म्हणून त्याचे मूळ सांगितले जाते. म्हणजे एकाच गावाचा देव नदीच्या या तीरावर आणि चित्रकार त्या तीरावर. मारिओ यांच्या चित्रांतली सगळीच माणसे काही सासष्टीची ख्रिस्ती माणसे नाहीत. बाजारात, बसमध्ये, कचेरीत सगळे आहेत, आणि त्यांनी कोणाला झुकते माप दिले असे मला दिसलेले नाही. मुंबईहून निवृत्त होऊन ते लोटलीच्या आपल्या वडिलोपार्जित घरी परतले, तिथेच राहिले, आणि ११ डिसेंबर २०११ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. श्याम बेनेगल यांनी १९८५ मधील आपल्या गोव्यावरील चित्रपटाचे चित्रीकरण ज्या घरात केले, ते हेच घर. ते खाजगी घर असल्याने मी एकदा मुलांना रस्त्यापर्यंतच नेले होते. तिथून दिसेल तेवढे पाहा, वह्या दप्तरातच राहू द्या, आणि उद्या वर्गात काढा, असे सांगितले. दुसऱ्या दिवशीच्या चित्रांत कोणाचा दरवाजा चुकला होता, कोणाच्या खिडक्या जास्त झाल्या होत्या. पण एकही चित्र दुसऱ्यासारखे नव्हते.

त्यानंतर नोकरीची शेवटची चार वर्षे मी आठवीच्या वर्गात एक साधा नेम चालवला. प्रत्येकाने शंभर पानांची कोरी वही करायची, रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे त्या दिवशी पाहिलेले एक काहीतरी बॉलपेनने काढायचे, खाली मराठीत किंवा कोंकणीत एक ओळ आणि तारीख लिहायची. खोडरबर नाही, गुण नाहीत, शेरा नाही. सुरुवातीला महिनाभर वह्यांत फुले, सूर्य आणि झेंडे आले. मग एका मुलीने पोदेराची सायकल काढली. टोपलीवर निळे प्लास्टिक बांधलेले, दांड्याला भोंपू, आणि पोदेर कुठेच नाही. खाली ओळ होती, ‘पोदेर आत पाणी पीत होता.’ पोदेर काढला नाही म्हणून परीक्षेत तिचे गुण गेले असते. मी ते पान पाहिले तेव्हा मला प्रथमच वाटले की माझ्या वर्गात स्मरणचित्र निघाले. दुसऱ्या एका मुलाने सलग अकरा दिवस आपल्या आजारी आजोबांची खाट काढली. प्रत्येक दिवशी खाटेखालच्या वस्तू बदललेल्या होत्या. त्याचा हात चित्रकलेत बेताचाच होता. वर्षाच्या शेवटी त्याने वही मागून नेली, एरवी मुले वह्या शाळेतच सोडून जात.

आता माझ्या विनंत्या, आणि त्या तीनच आहेत. पहिली शासनाला: या तीन वर्षांच्या रोजनिश्या तालुका आणि गावपातळीवरच्या वाचनालयांत याव्यात, आणि हक्कधारकांच्या संमतीने त्यांतल्या निवडक पानांची मराठी व कोंकणी ओळींसह एक स्वस्त आवृत्ती शाळांसाठी निघावी. मूळ ओळी मराठीत नाहीत, आणि सहावीतल्या मुलाला चित्र कळते पण ओळ अडते. दुसरी माझ्या व्यवसायबंधूंना: परीक्षेच्या तयारीतून महिन्यातले निदान दोन तास काढून घ्यावेत आणि मुलांना कोरी वही द्यावी, ती तपासू नये, फक्त पाहावी.

तिसरी विनंती आपल्याला, संपादक महोदय. आपल्या रविवारच्या पुरवणीत बालविभागासाठी जी जागा असते, तिच्यात शताब्दीच्या या वर्षभर एक छोटी चौकट राखून ठेवावी आणि तिच्यात दर आठवड्याला गोव्यातल्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या वहीतले एक पान, तारीख आणि त्या एका ओळीसकट, जसेच्या तसे छापावे. स्पर्धा नको, बक्षीस नको, विषयही देऊ नये. पाने गोळा करून आपल्या कार्यालयात पोहोचवण्याचे काम मी आनंदाने करीन. पहिल्या दहा आठवड्यांची पाने, मुलांच्या पालकांची परवानगी घेऊन, माझ्याकडे तयार आहेत, आणि पहिले पान त्या सायकलीचे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
बोरी, फोंडा – गोवा